हा खर्च कोणाच्या नावे?

‘खर्च परवडत नाही’ हे वाक्य आमच्या भोर-वेल्ह्याकडच्या माणसाने जन्मभर ऐकलेले असते. खर्च कोणावर पडतो आणि लाभ कोणाच्या दारी जातो, हेही तो पुरते जाणून असतो. इंग्रजांच्या अमदानीत वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण झाले. गावे आमची उठली आणि पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडच्या उसाला गेले. पुढे पानशेत झाले. भातखाचरे वेल्ह्याची बुडाली आणि नळ पुण्याचे वाहू लागले. चार जणांच्या भल्यासाठी कोणाला तरी सोसावे लागते, हे मला मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच की, जो सोसतो त्याचे नाव वहीत असावे. नाव लिहिले नाही म्हणजे खर्च झालाच नाही असे समजणे, ही शुद्ध लबाडी होय. आणि तीच लबाडी आज आणखी एका बाबतीत राजरोस चालू आहे.

बाब अशी. सरकारी पैशावर चालणाऱ्या कॉलेजांत आणि विद्यापीठांत समलिंगी व तृतीयपंथी विद्यार्थ्यांना, तसेच तिथल्या प्राध्यापक-कर्मचाऱ्यांना, भेदभावापासून संरक्षण द्यावे असे कोणी म्हणाले, की शहाणीसुरती माणसे लगेच कानावरची पेन्सिल काढतात. ‘‘तत्त्व ठीक आहे हो; पण खर्च?’’ दिवाळीच्या अंकात, चकल्या-करंज्यांच्या ताटाशेजारी, हा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. पण पाडव्याला आपण वहीपूजन करतो. नव्या वहीला हळदकुंकू वाहण्यापूर्वी जुन्या वहीची बेरीज तपासावी, एवढेच मी म्हणते. मी मॅट्रिक झालेली बाई. कॉलेजची पायरी विद्यार्थिनी म्हणून कधी चढले नाही. कादंबऱ्या लिहिल्या त्या शाळेतून घरी आल्यावर, कंदील-दिवा जो मिळेल तो उशाशी घेऊन. परंतु ज्यांना मी बाराखडी शिकवली ती मुले चेलाडीच्या फाट्यावर एस.टी. पकडून कॉलेजला जातात, आणि त्यांचे पुढे काय झाले हे मला पाहावे लागते. तेवढ्या अधिकाराने हे लिहीत आहे.

प्रथम कायदा कुठवर आला आहे ते थोडक्यात पाहू. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख मान्य केली आणि शिक्षणात व नोकरीत त्यांना मागास वर्ग समजून सवलती द्या, असे सरकारला सांगितले. २०१६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगच्या व्याख्येत लिंगभाव आणि लैंगिक कल यांवरून होणारा छळही घातला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ चा फास प्रौढ समलिंगी माणसांच्या परस्परसंमत संबंधांवरून काढला. २०१९ साली संसदेने तृतीयपंथी व्यक्तींसाठी कायदा केला; त्यात शिक्षणसंस्थांतील भेदभावाला मनाई आहे. समलिंगी मुलासाठी मात्र तसा स्वतंत्र कायदा झालेला नाही. त्याच्या वाट्याला न्यायालयाचा निकाल आणि रॅगिंगचा नियम, इतकेच. म्हणजे छप्पर अर्धे शाकारलेले आहे. उरलेले अर्धे शाकारावे की नाही, याचाच हा वाद आहे.

आता खर्चाची बाजू. ती नाही असे मी म्हणणार नाही. प्रवेशाच्या अर्जात एक रकाना वाढवायचा, हे फुकटात होते. नाव बदललेल्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रिका आणि दाखले नव्याने द्यायचे, याला कारकुनाचा वेळ लागतो. आणि तालुक्याच्या कॉलेजातला कारकून म्हणजे कोण, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच कळेल. शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षेचे अर्ज, पाण्याच्या टाकीची दुरुस्ती आणि निवडणुकीची ड्यूटी, सारे त्या एकट्याच्या माथी. तक्रार ऐकणारी समिती नेमायची, तर तिच्यात बसणारे निम्मे प्राध्यापक तासिका तत्त्वावर. आज आहेत, उद्या नाहीत. वसतिगृहात एखादी स्वतंत्र खोली काढायची, आतून कडी लागेल असे संडास-न्हाणीघर बांधायचे, याला विटा, वाळू आणि गवंडी लागतो. शिक्षकांना चार गोष्टी समजावून सांगायला माणूस बोलवायचा, त्याचा प्रवासखर्च आला. आणि तक्रार कोर्टात गेली तर वकिलाची फी आली. हा सगळा खर्च खरा आहे. कोणी तो शून्य म्हणेल तर त्याने तालुक्याचे कॉलेज आतून पाहिलेले नाही.

परंतु वहीला दोन बाजू असतात. एका पानावर संरक्षण देण्याचा खर्च लिहिला, तर समोरच्या पानावर न देण्याचा खर्च लिहायला नको का? तिथे आपली पेन्सिल नेमकी मोडते.

डॉक्टर श्रीनिवास रामचंद्र सिरस यांचे नाव किती मराठी वाचकांना आठवते? हे नागपूरकडचे गृहस्थ. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात आधुनिक भारतीय भाषांच्या विभागात मराठी शिकवीत. कवी होते, त्यांच्या कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. घरापासून इतक्या दूर, उत्तरेत, हा माणूस वर्षानुवर्षे मराठीचा दिवा लावून बसला होता. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री कॅमेरा घेतलेली माणसे त्यांच्या राहत्या घरात घुसली आणि त्यांच्या खाजगी आयुष्याचे चित्रण करून गेली. न्यायाने पाहिले तर गुन्हा घुसणाऱ्यांचा. पण विद्यापीठाने दुसऱ्याच दिवशी निलंबित केले ते सिरसांना, आणि राहते घर सोडायलाही सांगितले. निवृत्ती काही महिन्यांवर आलेली. ते अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. १ एप्रिलला न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला: निलंबन स्थगित करा, घर परत द्या. ७ एप्रिलला भाड्याच्या खोलीत त्यांचे प्रेत सापडले. वय चौसष्ट. मृत्यूचे गूढ पोलिसांना उकलले नाही. पुढे त्यांच्यावर हिंदीत ‘अलीगढ’ नावाचा चित्रपट निघाला, आणि आपल्यापैकी पुष्कळांना आपला एक मराठी कवी असा गेला हे त्या चित्रपटामुळे कळले.

आता मांडा जमाखर्च. सिरसांना संरक्षण द्यायला त्या विद्यापीठाला काय लागले असते? प्राध्यापक आपल्या बंद दाराआड कोणावर प्रेम करतो हा नोकरीचा प्रश्न नाही, एवढी सेवानियमांत एक ओळ. आणि दारातून कॅमेरा घेऊन शिरणाऱ्याला अडवील असा एक पहारेकरी. तो तर बहुधा पगारावर होताच. न दिल्याचा खर्च काय झाला? निलंबन आले, चौकशी आली, हायकोर्टातली वकिली आली, पोलिसांचा तपास आला, जगभर नाचक्की आली. वर्गात मराठी शिकवणारा माणूस गेला आणि लिहू शकणारा कवी गेला. यातली एक तरी रक्कम कोणी त्या समोरच्या पानावर लिहिली का?

आणि हे काही आजचे नाही. रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून १९२५ साली त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजातल्या नोकरीवर पाणी सोडावे लागले. गणितात त्यांची काही चूक झाली होती असे कोणी म्हटले नाही. वर्गाबाहेरचे त्यांचे विचार कॉलेजला झेपले नाहीत. १९२७ पासून १९५३ साली मरण येईपर्यंत त्यांनी पदरमोड करून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना मोकळी उत्तरे दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने वकील म्हणून डॉक्टर आंबेडकर उभे राहिले. खटला हरले. त्या काळच्या हिशेबाने कॉलेज वाचले आणि कर्वे बुडाले. आज शंभर वर्षांनी कोण बुडाले ते वाचकांनीच ठरवावे.

पण थोरांची नावे कशाला? माझ्या शाळेतून दहावी होऊन गेलेला एक मुलगा सांगते. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. तोरण्याच्या पायथ्याकडचा म्हणा. अक्षर मोत्यासारखे, गणितात हुशार, चालण्या-बोलण्यात मऊ. बापाने दोन वर्षांचा इंद्रायणी विकला, पतपेढीतून कर्ज काढले आणि पोराला शहराच्या कॉलेजात, वसतिगृहात ठेवले. तिथे त्याच्या चालीची नक्कल सुरू झाली, मग टोपणनाव पडले, मग रात्री दाराला बाहेरून कडी लागू लागली. तो कार्यालयात सांगायला गेला. ‘‘तूच जरा पुरुषासारखा वागायला शीक,’’ असे उत्तर मिळाले. आठ महिन्यांत तो ट्रंक घेऊन परत आला. आज हायवेवरच्या एका हॉटेलात ताटे उचलतो. बाप अजून हप्ते भरतो आहे.

त्या कॉलेजच्या त्या वर्षीच्या ताळेबंदात एका पैचाही तोटा दिसला नसेल. फी जमा झाली, मुलगा गेला, जागा दुसऱ्याला मिळाली. संरक्षणाचा खर्च वाचला! तो वाचलेला खर्च भरला कोणी? वेल्ह्याच्या एका भातशेतकऱ्याने. आणि पहिलीपासून दहावीपर्यंत त्या मुलावर सरकारने खर्च केला, तो तुमच्या-माझ्या करातून. बांधलेले धरण भरण्याआधीच फोडावे तसा हा प्रकार. आणि याला काटकसर म्हणायचे!

आता आक्षेपांकडे वळू. काही हलके आहेत, ते लवकर निकालात काढते. खोट्या तक्रारी होतील म्हणतात. होतील, चोरीच्याही खोट्या तक्रारी होतात, म्हणून कोणी पोलीसचौकी बंद केली नाही. चौकशी नीट करावी, दोन्ही बाजू ऐकाव्यात, खोटेपणा सिद्ध झाला तर त्याचीही दखल घ्यावी. दुसरे, शिक्षकाला मत असू नये काय? जरूर असावे. एखाद्या प्राध्यापकाला हे सारे पटत नसेल, तर त्याने तसे घरी बोलावे, चर्चेत बोलावे, लेख लिहावा. मी त्याच्या लेखाला लेखाने उत्तर देईन. पण ते मत उत्तरपत्रिकेच्या गुणांत, प्रवेशाच्या यादीत आणि वसतिगृहाच्या किल्लीत उतरता कामा नये. ही रेघ पुष्कळ ठळक आहे.

तिसरा आक्षेप वजनदार आहे, आणि तो रुपयांचा नाही. आमच्याकडचे एक जाणते गृहस्थ मला म्हणाले, ‘‘बाई, तुमचे सगळे खरे. पण कॉलेजात असल्या गोष्टींची समिती आहे असे गावात कळले, तर बाप पोरीला पाठवायचा नाही. दोन पोरांना वाचवायला जाल आणि वीस पोरी घरी बसवाल.’’ मी हे हसण्यावारी नेत नाही. पोरी शाळेत टिकाव्यात म्हणून मी स्वतः उन्हातान्हात वस्त्या पालथ्या घातल्या आहेत. तेराव्या-चौदाव्या वर्षी पोरगी शाळेतून का गळते, हे मला कोणी सांगायला नको. शाळेत कडी लागणारा संडास नसतो, हे त्याचे एक कारण. तेव्हाही आम्ही संडास मागितला की ‘खर्च’ हाच शब्द यायचा. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात सावित्रीबाईंनी मुली शिकवायला घेतल्या, तेव्हाही लोकांना धर्म बुडेल, घर बुडेल असेच वाटले होते. आज पुण्याच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे.

बापाला भीती असते ती पोरीच्या अब्रूची. मग त्याला सरळ विचारावे: मऊ बोलणाऱ्या पोराच्या मागे शिट्या मारणारे टोळके आणि एस.टी. स्टँडवर तुझ्या पोरीच्या मागे शिट्या मारणारे टोळके, ही काय दोन वेगवेगळी टोळकी आहेत? मी तीस-चाळीस गावांची पोरे पाहिली आहेत. ते टोळके एकच असते. ज्या कॉलेजने त्याला पहिल्या वर्गमित्राच्या बाबतीत मोकळे सोडले, ते कॉलेज तुझ्या पोरीच्या बाबतीत त्याला आवरील, असा भरवसा कशाच्या जोरावर धरतोस? दाराला कडी, जिन्यात दिवा, तक्रार ऐकणारा माणूस आणि ठरलेल्या मुदतीत निकाल, या चार गोष्टी जशा त्या मुलाला हव्यात तशाच तुझ्या मुलीलाही. त्यांचा खर्च दोनदा करावा लागत नाही.

तरीसुद्धा काही बाप ऐकणार नाहीत, काही पोरी एक-दोन वर्षे घरी बसतील. ही किंमत आहे, आणि मी ती माझ्या वहीत लिहिते. पण त्या घरी जाऊन बापाला समजावणे हे आमचे शिक्षकांचे काम आहे. ते काम अवघड आहे म्हणून दुसऱ्याच एका पोराला लांडग्यांपुढे टाकायचे, हा व्यवहार मला मंजूर नाही.

आता पेन्सिलवाल्यांची एक गंमत सांगते. हीच माणसे एका श्वासात म्हणतात, ‘‘आमच्या तालुक्यात असली माणसे नाहीतच,’’ आणि दुसऱ्या श्वासात म्हणतात, ‘‘यांच्यासाठी करायला गेलो तर दिवाळे निघेल.’’ २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात साऱ्या देशात ४,८७,८०३ माणसे नोंदली गेली आणि त्यांच्यातले साक्षर शेकडा ५६ च्या आसपास, देशाची सरासरी ७४ असताना. त्यातून कॉलेजपर्यंत किती पोचत असतील? मूठभर! मूठभरांसाठी दिवाळे कसे निघेल? आणि दिवाळे निघण्याइतकी ती असतील, तर ‘नाहीतच’ हे म्हणणे खोटे. दोहोंपैकी एक बोला.

सरकारचीही तीच तऱ्हा. २०२२ साली पोलीसभरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी रकाना ठेवा, असे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने सांगितले. रकाना ठेवण्याऐवजी सरकार त्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. डिसेंबरात न्यायालयाने खडसावून नियम करायला लावले, आणि मग रकानाही ठेवला गेला. जे काम अखेर झालेच, ते टाळण्यासाठी वकील उभे केले. याचा खर्च कोणत्या पानावर?

इथवर मी एका बाजूचे कान उपटले. आता दुसऱ्या बाजूला. पुण्या-मुंबईच्या सभांतून काही सुधारक सांगतात, ‘‘याला काही खर्च लागत नाही, फक्त मन मोठे करा.’’ त्यांना माझा दंडवत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने वसतिगृहाचा एक भाग सर्व लिंगभावांच्या विद्यार्थ्यांसाठी खुला केला, हे चांगले झाले. पण तिच्याकडे वसतिगृह होते, जागा होती, माणसे होती. आमच्याकडे परिपत्रक येते. कारकून त्याला आवक क्रमांक घालतो, फळ्यावर समितीची पाच नावे लिहितो आणि फाईल कपाटात जाते. पुढच्या वर्षी तपासणीला साहेब आले की फळा पुसून पुन्हा रंगवतात. पैशाविना दिलेले संरक्षण हे असे फळ्यावर राहते. त्याच्या भरवशावर एखादा पोरगा खरोखरच तक्रार घेऊन जातो, तेव्हा त्याचे नाव संध्याकाळपर्यंत साऱ्या वसतिगृहाला कळलेले असते. अशा संरक्षणापेक्षा गप्प बसणे त्याला परवडले असते.

म्हणून माझी मागणी खर्च मान्य करण्याची आहे, लपवण्याची नाही. विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात या कामासाठी स्वतंत्र शीर्षक असावे आणि त्यातून तालुक्याच्या कॉलेजला अनुदान मिळावे. प्रत्येक कॉलेजला वेगळा समुपदेशक परवडणार नाही, तर भोर आणि वेल्हे (ज्याला २०२४ साली मंत्रिमंडळाने राजगड हे नाव मंजूर केले) या दोन तालुक्यांतल्या कॉलेजांना मिळून एक द्यावा. आठवड्याचा एक वार एका ठिकाणी, एस.टी.ने येऊ-जाऊ शकेल असा. तक्रार स्थानिक कार्यालयाच्या टेबलावर न जाता थेट विद्यापीठातल्या जबाबदार अधिकाऱ्याकडे जावी, कारण तालुक्यात सगळेच एकमेकांचे पाहुणे असतात. नाव गुप्त राहावे आणि निकालाला मुदत असावी. सेवानियमांत आणि विद्यार्थ्यांच्या नियमांत लैंगिक कल व लिंगभाव हे दोन शब्द स्पष्ट लिहावेत, म्हणजे पुन्हा कोणा सिरसांना एका आदेशासाठी हायकोर्टाची पायरी चढावी लागणार नाही. नवे बांधकाम होईल तिथे प्रत्येक न्हाणीघराला स्वतंत्र दार आणि कडी असावी. मुलगा, मुलगी, कोणीही असो. यातली एकही गोष्ट राजवाडा बांधण्याइतकी महाग नाही.

वाचक मंडळी, तुमच्यापैकी पुष्कळांची मुले या सुटीत वसतिगृहातून घरी आली असतील. अभ्यंगस्नान झाले, फराळ झाला, की त्यांच्या जवळ बसा आणि गुणांची चौकशी करण्याआधी एवढे विचारा, की तुमच्या वसतिगृहात कोणाला चिडवून हाकलले का? कोणाच्या दाराला बाहेरून कडी लागते का? आणि लागत असेल तर सांगायचे कोणाला, हे तुम्हाला ठाऊक आहे का? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आले नाही, तर सुटी संपल्यावर प्राचार्यांना एक पोस्टकार्ड टाका. त्याचा खर्च तुमच्या नावे लिहा, तो परवडेल.